इंजिनात जाणारी हवा गार ठेवायची घरगुती खटपट: काय चालतं, काय चालत नाही

उन्हाळ्यात दुपारी गाडी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगत गेली की पुढे मोकळा रस्ता मिळूनही ती ओढत नाही, पाय दाबला तरी जड वाटते, आणि तीच गाडी पहाटे कशी मोकळी पळते, हे पेट्रोल हॅचबॅक चालवणाऱ्या जवळपास सगळ्यांनाच माहितीये. यात एसीचा वाटा आहेच, लहान इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार चांगलाच पडतो. पण आणखी एक कारण आहे ज्याकडे फारसं कुणी बघत नाही, ते म्हणजे इंजिन जी हवा ओढतं तिचं तापमान. ते कमी करायला हजारोंचं किट लागत नाही, हार्डवेअरच्या दुकानातला थोडाफार माल आणि एक मोकळा रविवार बऱ्याचदा पुरतो, फक्त कशाने फरक पडतो आणि कशाने नाही हे आधी नीट कळायला हवं कारण या विषयात सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी बिनकामाच्या आहेत आणि एक-दोन तर इंजिनाला सरळ घातक आहेत.

आधी थोडं गणित, अवघड नाहीये. हवा तापली की पसरते, आणि सिलिंडरची जागा तर ठरलेली, त्यामुळे गरम हवा आत घेतली की तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१८ किलो भरतं, ६० अंशांना तेच १.०६ किलो. म्हणजे दहा टक्क्यांचा फरक झाला. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, हवा कमी आली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो, आणि ताकद पडते. प्रत्यक्षात मात्र ताकद दहा टक्के पडत नाही, पाचेक टक्के पडते, कारण आधीच तापलेली हवा गरम व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या भिंतींकडून पुढे कमी उष्णता घेते, शिवाय गरम हवा अरुंद जागेतून जरा सहज निघते. म्हणूनच टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची टेस्टबेंचवर मोजलेली ताकद तापमानानुसार दुरुस्त करताना इंजिनिअर लोक केल्विनमधल्या तापमानाचं वर्गमूळ धरतात, सरळ प्रमाण धरत नाहीत.

पाच टक्के म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण दुसरा तोटा याच्या वर बसतो आणि माझ्या मते तोच जास्त जाणवतो. आत गेलेली हवा दाबली जाते तेव्हा ती आणखी तापते, आणि सुरुवातच जर ६० अंशांपासून झाली असेल तर शेवटचं तापमान इतकं चढतं की स्पार्कने लागलेली आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. यालाच आपण इंजिन नॉक करतंय म्हणतो, टॉप गिअरमध्ये चढावर पाय दाबला की ती बारीक खडखड ऐकू येते ना, तेच. ऑक्टेन म्हणजे असं आपोआप पेट न घेण्याची इंधनाची क्षमता, आपल्याकडचं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, आणि ईसीयू जोखीम घेत नाही, आत येणारी हवा गरम दिसली की तो नॉक व्हायची वाटही न बघता टायमिंग मागे घेतो, स्पार्क उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणखी पडते. ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटं गाडी मेल्यासारखी वाटते त्यात याचा मोठा हात असतो.

सीएनजीवाल्यांची अडचण अजून वेगळी. पेट्रोल द्रवरूपात आत जातं, वाफ होताना ते हवेतली थोडी उष्णता घेतं आणि मिश्रण जरा गार होतं, इथेनॉल तर वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. सीएनजी मात्र आधीच वायू, तो काहीच गार करत नाही, वर मिश्रणातली साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जागा स्वतःच घेतो. म्हणजे हवेला आधीच जागा कमी आणि त्यात ती हवा गरम. नॉकिंगची भीती सीएनजीला नसते, त्याचं ऑक्टेन खूप वर असतं, पण घाटात सेकंड गिअरवर गाडी दमते त्यामागे हे गणित आहे, म्हणून सीएनजी गाडीत या खटपटीचा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी समजली की बाकीचं आपोआप सुटतं. बाहेर नागपुरात ४४ अंश असतील तर घरगुती उपायाने इंजिनाला ४४ च्या खालची हवा मिळणार नाही. हवा थंड करणं हे आपलं काम नाहीच, बाहेरून आलेली हवा इंजिनात शिरेपर्यंत तापू न देणं एवढंच आपलं काम आहे. जो उपाय हवा तापण्यापासून वाचवतो तो बघायचा, जो हवा गार करायचा दावा करतो त्याच्यापासून लांब राहायचं.

आणि आधी मोजायचं, मग हात घालायचा. प्रत्येक इंजेक्शन गाडीत हवेचं तापमान बघणारा सेन्सर असतो, २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) मिळतं, त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा डोंगल काही शे रुपयांत येतो आणि मोबाईलवरच्या अॅपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर म्हणून आकडा दिसतो. नुसता आकडा बघून उपयोग नाही, त्यातून बाहेरचं तापमान वजा करा, जो फरक उरतो तो आपल्या कामाचा. एकदा मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात दहा मिनिटं चालवून फरक लिहून ठेवा, एकदा गरम गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून लिहा. हायवेवर फरक दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसला तर कंपनीने काम चांगलं केलेलं आहे, तिथे हाताला फार काही लागणार नाही. जागेवर उभ्या गाडीत तो तीस-पस्तीसपर्यंत गेला तर मात्र वाव आहे. आणि गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू केली की आकडा भयानक दिसतो, तो बघून घाबरू नका, सेन्सर स्वतः गरम भागावर बसलेला असतो त्यामुळे थोडा वेळ तो हवेपेक्षा स्वतःचंच तापमान सांगत असतो.

उभ्या गाडीत आणि पळत्या गाडीत एवढा फरक का पडतो याचं उत्तर वेळेत आहे. १.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला (इंजिनात हवा सोडणारी झडप पूर्ण उघडी असताना) सेकंदाला जवळपास ३० लिटर हवा ओढतं, साठ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ही हवा सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने जाते, म्हणजे अर्ध्या मीटरची नळी ती एका सेकंदाच्या विसाव्या भागात पार करते. गरम तव्यावरून हात झपकन फिरवला तर भाजत नाही, तसंच हे, नळी कितीही तापलेली असो, हवेला तापायला वेळच मिळत नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, मात्र तेच इंजिन सेकंदाला दोन-तीन लिटरच ओढतं, फिल्टरचा डबा आणि नळ्या मिळून सहा-सात लिटर जागा धरली तर हवा आत दोन-तीन सेकंद रेंगाळते, आणि आजूबाजूला सगळं तापलेलं. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या नळीला चकचकीत कापड गुंडाळणं, जो सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे, तो वेगात जवळपास काहीच करत नाही, आणि ट्रॅफिकमध्येही थोडंच करतो. हवा कुठून घेतली जाते हेच सगळं ठरवतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. बोनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला जी प्लास्टिकची नळी असते ती जाग्यावर आहे का बघा. कंपनी ही नळी पुढे ग्रिलजवळ किंवा हेडलाईटच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत नेऊन सोडते, मुद्दाम, कारण तिथे बाहेरची ताजी हवा मिळते. पण सर्व्हिसिंगला ती काढली जाते, क्लिप तुटते, परत नीट बसत नाही, मग कुणीतरी ती तशीच लोंबकळत ठेवतो किंवा लावतच नाही, आणि डबा रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढायला लागतो. जुन्या गाड्यांत हे इतक्या वेळा दिसतं की मी कुणालाही आधी हेच तपासायला सांगतो. नळी हरवली असेल तर पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सेकंडहँड सुट्या भागांत मिळून जाते, आणि कुठल्याही महागड्या फिल्टरपेक्षा तिचा फायदा जास्त. तिथेच फिल्टरच्या डब्याचं झाकण चारही बाजूंनी बसतंय ना, रबर फाटलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

दुसरा उपाय कमी माहितीचा आहे पण मला सगळ्यात आवडतो. उभ्या गाडीत रेडिएटरचा फॅन गरम हवा मागे ढकलतो, ती इंजिनावर आदळते, वर-खालून आणि कडेच्या फटींमधून वळून परत रेडिएटरच्या पुढे येते, तिथून पुन्हा आत ओढली जाते. अशी तीच ती हवा गोल फिरत तापत राहते आणि तुमच्या नळीचं तोंड बरोबर तिथेच ग्रिलजवळ आहे. कंपन्या या फटी फोमने आणि रबरी पट्ट्यांनी बंद करून देतात, पण दहा वर्षांत तो फोम कुजून पडतो. एसीवाले गॅसच्या नळ्यांना जो काळा नायट्रायल फोम लावतात तो घ्या, शंभर अंशांपर्यंत तो टिकतो, त्याच्या पट्ट्या कापून रेडिएटर आणि बाजूच्या पत्र्यामधल्या फटी, रेडिएटर आणि कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) यांच्यामधली कडेची जागा, वरची बोनेटखालची फट, हे सगळं बंद करा. फॅनपासून आणि बेल्टपासून दूर, आणि नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता केबल टायने पक्कं करून. रेडिएटरच्या जाळीसमोर मात्र काही येऊ देऊ नका. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर गायब असेल तर तेही परत बसवा, हवेचा रस्ता नीट राहायला त्याची मदत होते. याने नुसती इंजिनात जाणारी हवाच नाही तर ट्रॅफिकमध्ये एसीही सुधारतो, कारण कंडेन्सरलाही ताजी हवा मिळते.

हे केल्यावरही उभ्या गाडीत फरक जास्तच राहिला तर डब्याकडे वळा. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) जोरात चालवल्यावर कित्येक शे अंशांना जातो आणि तो हात न लावताही उष्णता फेकत राहतो, चुलीसमोर बसलं की तोंड भाजतं तीच ही उष्णता. ती अडवायला जाड काही लागत नाही, चकचकीत काही लागतं. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा डबा आणि मॅनिफोल्डच्या मध्ये असा उभा करा की दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा राहील, डब्याला चिकटवला तर तो पत्राच तापून डब्याला उष्णता देणार. डब्याच्या गरम बाजूवर नायट्रायल फोम आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉईलची टेप, एवढं बस झालं. टेप धुळीने काळी झाली की तिचा निम्मा उपयोग गेला, म्हणून सर्व्हिसिंगला पुसायची. थर्माकोल आणि बबलची चंदेरी शीट कृपा करून वापरू नका, थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो, पेट्रोलने विरघळतो आणि पेटतो, बबल शीटचं प्लास्टिकही वितळतं. फॉईलच्या टेपमधून वीज जाते हेही ध्यानात ठेवा, बॅटरीच्या टर्मिनलजवळ ती न्यायची नाही. आणि मॅनिफोल्डवर कंपनीची जी पत्र्याची ढाल असते ती आवाज करते म्हणून काढून टाकलेली असेल तर ती परत लावणं हेच या सगळ्यापेक्षा मोठं काम.

काही जण पुढच्या बंपरमधून वेगळी नळी काढून डब्यापर्यंत आणतात. चालतं, पण दोन अटींवर. एक, घरी केलेलं जे काही असेल ते फिल्टरच्या बाहेरच्या बाजूलाच. फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या भागाला हात लावायचा नाही, तिथे केसाएवढी फट राहिली तरी न गाळलेली धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ पिस्टन रिंगा किती लवकर खाते हे गॅरेजवाल्यांना विचारा. नळी म्हणून पीव्हीसी पाईप इंजिनाजवळ नको, ऐंशी अंशांच्या जवळ तो लिबलिबीत होतो, किचनच्या चिमणीची फॉईलची नळीही कंपनाने फाटते, गाडीचीच जाड रबरी किंवा प्लास्टिकची नळी शोधा. दुसरी अट पाण्याची. नळीचं तोंड जितकं खाली तितका धोका जास्त, इंजिनाने पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारोंचा नाही, कधीकधी लाखाचा खर्च येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेवढा दर वर्षी पडत नाही पण हिंदमाता आणि अंधेरी सबवेत गुडघाभर पाणी साठायला तेवढा लागतही नाही. साध्या विम्यात असं बिघडलेलं इंजिन सहसा बसत नाही, वेगळं इंजिन प्रोटेक्ट घ्यावं लागतं, आणि नळी तुम्ही स्वतः खाली आणलेली दिसली तर क्लेमला अडचण येऊ शकते. कंपनीने दिलेल्या नळीच्या तोंडाच्या उंचीपेक्षा खाली जायचं नाही, इतकं साधं ठेवा. वॉरंटीतल्या गाडीत तर ही नळी करूच नका.

आता जे करू नये ते. डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बोनेटखाली बसवणं ही सगळ्यात प्रचलित गोष्ट, आवाज दणदणीत येतो म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं, पण तो फिल्टर इंजिनाचीच गरम हवा पितोय, डोंगल लावून बघा, ट्रॅफिकमध्ये आकडा आधीपेक्षा वर गेलेला दिसेल. बोनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची बाजू उचलतात, उभ्या गाडीत गरम हवा निघते हे खरं, पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो त्यामुळे तिथून हवा निघायच्या ऐवजी आत घुसते (१९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेलच्या बोनेटला याच दाबाचा फायदा घेणारी, काचेकडे तोंड असलेली झडप होती), आणि केबिनची हवाही तिथूनच घेतली जाते म्हणजे इंजिनाचा वास एसीतून तुमच्या नाकात. अपघातात बोनेट काचेतून आत येऊ नये हेही बोनेटची बिजागरीच सांभाळते, तिच्याशी खेळ नको.

हवा गार करायला बर्फ किंवा पेल्टिअर प्लेट (वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती) लावायचं काही जण सुचवतात, त्याचं गणित करूनच बघू. सेकंदाला ३० लिटर हवा वीस अंशांनी गार करायची तर सुमारे ७०० वॉटने उष्णता काढायला लागते. एक किलो बर्फ त्यात आठ मिनिटांत संपतो. बाजारात मिळणारी बारा व्होल्टची पेल्टिअर प्लेट उत्तम परिस्थितीत पन्नासेक वॉट उष्णता उचलते आणि स्वतः साठ-सत्तर वॉट वीज खाते, म्हणजे चौदा-पंधरा प्लेटा, जवळपास सत्तर ते नव्वद अँपिअर, म्हणजे छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) एकूण जेवढं देतो तेवढं सगळं. जी ताकद मिळवायची ती अल्टरनेटर फिरवण्यातच जाणार. नळीत कॉम्प्युटरचा फॅन बसवणं तर उलटंच, वेगात तो फॅन हवेच्या वाटेतला अडथळा होतो. फिल्टर ओला करणं किंवा डब्यात पाणी फवारणंही नको, कागदी फिल्टर ओला झाला की त्याची छिद्रं बुजतात, आणि पाण्याची वाफ हवेतली जागा खाते ती वेगळीच.

पण सगळ्यात वाईट म्हणजे परफॉर्मन्स चिप या नावाने विकला जाणारा छोटा रेझिस्टर. हवेचा सेन्सर असा असतो की गार झाला की त्याचा रोध वाढतो, मग त्याच्या वायरमध्ये रेझिस्टर घातला की ईसीयूला वाटतं हवा गार आहे. हवा तशीच गरम, फक्त ईसीयूला खोटं सांगितलंय. तो टायमिंग पुढे घेतो, जोरात चालवताना पेट्रोल जास्त सोडतो, आणि जे टायमिंग त्याने नॉकिंगपासून वाचायला मागे घेतलं असतं नेमकं तेच काढून घेतलं जातं. चाळीस अंशांच्या दुपारी, चार माणसं बसवून, घाट चढताना पिस्टन फुटायची ही सोय आहे. हे कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नका.

थ्रॉटल बॉडीतून जाणारं गरम कूलंट बंद करायची युक्ती परदेशी गाडीवाल्यांकडून आपल्याकडे आली. थंड देशांत थ्रॉटलवर बर्फ धरू नये म्हणून ते गरम पाणी फिरवतात, महाराष्ट्रात तशी गरज नाही हे बरोबर, पण हवा तिथून क्षणात निघून जाते म्हणून फायदा एखाद-दोन अंशांचा, आणि काही जुन्या गाड्यांत आयडलिंगचा व्हॉल्व्ह त्याच गरम पाण्यावर चालतो. मी तरी यात पडत नाही.

टर्बोवाल्यांचं गणित वेगळं. हवा दुप्पट दाबाला नेली की ३५ अंशांची हवा कागदावरच शंभराच्या पुढे जाते आणि टर्बोची कार्यक्षमता धरली तर १३० च्या आसपास, मग इंटरकूलर तिला खाली आणतो. म्हणजे तिथे डब्याच्या बाहेर चार अंश वाचवण्यापेक्षा इंटरकूलर साफ ठेवणं जास्त मोठं. त्याच्या पात्यांमध्ये चिखल, किडे, पानं अडकलेली असतात, हलक्या पाण्याने मागून पुढे धुवा, प्रेशर वॉशरने पाती वाकतात. इंटरकूलरवर बाहेरून पाणी फवारणं ही खोटी गोष्ट नाही, मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन आणि सुबारू इम्प्रेझा एसटीआयच्या काही मॉडेलना कंपनीकडूनच तसा फवारा यायचा, पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर वाफ होतं, इंजिनात जात नाही. वायपरच्या पाण्याच्या जुन्या मोटरवर हे घरी करता येतं, कोरड्या हवेत चांगलं चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी.

मायलेजचं मात्र कुणाला आश्वासन देऊ नका. हळू चालवताना थ्रॉटल अर्धवट बंद असतो, गार दाट हवा आली तर तो आणखी बंद करावा लागतो आणि इंजिनाला हवा ओढायला जास्त जोर लागतो, म्हणून मायलेजच्या मागे लागलेले काही लोक उलट मुद्दाम गरम हवा देतात. हे सगळं आहे ते पिकअपसाठी, नॉकिंग कमी होण्यासाठी, ट्रॅफिकमधून निघाल्यावर गाडीने लवकर सावरण्यासाठी. काम झालं की त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला परत आकडे घ्या, उभ्या गाडीतला फरक तीसवरून वीसवर आला असेल तर उत्तम. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी फोम पाणी धरून बसत नाहीये ना, डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोक टेपखाली झाकलं गेलं नाहीये ना, हे एकदा हात घालून बघून घ्या.